'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' कसा ऐकावा

एन.डब्ल्यू.ए. या अमेरिकन रॅप गटाचा १९८८ सालचा हा अल्बम लावून तिसऱ्या-चौथ्या गाण्याला बंद करणारे पुष्कळ भेटतात. शिव्या, बंदुका, बायकांबद्दलची घाणेरडी भाषा, आणि हे सगळं अंगावर येणाऱ्या आवाजात. तो डोक्यावर घेणारेही तितकेच: "हीच खरी रस्त्यावरची कहाणी!" गंमत अशी की दोन्ही पक्ष एकच गोष्ट गृहीत धरतात. गाण्यातला 'मी' म्हणजे गाणारा माणूसच, आणि तो जे सांगतोय ते त्याने केलेलं आहे.

मला हा अल्बम नाटकासारखा ऐकावासा वाटतो. पात्र कोण, संवाद कोणी लिहिले, ते कोणाच्या तोंडी दिले आणि बोलणारा कोणाला सुनावतोय, हे कळत गेलं की शिव्यांच्या मागची कारागिरी दिसायला लागते. यातला राग अस्सल आहे, पण तो बोलून दाखवायला उभी केलेली माणसं रचलेली आहेत. पुढचं सगळं या एका धाग्यावर आहे.

आधी योग्य प्रत शोधा

मूळ अल्बममध्ये १३ गाणी आहेत आणि लांबी साधारण एक तास. शेवटचं गाणं 'समथिंग टू डान्स टू'. तुमच्या अ‍ॅपवर त्यानंतरही गाणी दिसत असतील, तर ती पुढच्या आवृत्त्यांत जोडलेली आहेत. पहिल्या ऐकण्यात तेराव्या गाण्याला थांबा. शिव्या गाळलेली 'स्वच्छ' आवृत्तीही निघाली होती. तिच्या वाटेला जाऊ नका. तिच्यातून पोलिसांवरचं गाणं अख्खंच उडवलेलं आहे, आणि ते नसेल तर अल्बमचा कणाच गेला.

शफल बंद करा. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. ड्रम मशीनचा खालचा ठोका त्यात ऐकूच येत नाही आणि उरतो नुसता आरडाओरडा. साधे बरे हेडफोन चालतील. घरात लहान मुलं असतील तर हेडफोनला पर्याय नाही, हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते. गटाच्या नावातलं 'एन' हे अक्षर कृष्णवर्णीयांना दिल्या जाणाऱ्या एका शिवीचं आहे. ती त्यांनी स्वतःच्या नावात मुद्दाम घेतली. गाण्यांत ती सतत येते. ऐकताना ती ऐकायचीच, पण सोबत गुणगुणताना आपण तो शब्द गाळायचा. अमेरिकेत वाढणाऱ्या आपल्या मुलांना हे बहुतेक आधीच माहीत असतं. इथून तिकडे गेलेल्या काका-मामांना सांगावं लागतं.

कॉम्प्टनबद्दल इतकं माहीत असलं तरी पुरे

कॉम्प्टन हे लॉस एंजेलिसच्या मध्यभागापासून दक्षिणेला असलेलं वेगळं छोटं शहर. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तिथे जवळजवळ सगळी गोरी वस्ती होती, कारण घरांच्या करारांतच कृष्णवर्णीयांना विकायला मनाई असे. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने असे करार अंमलात आणता येणार नाहीत असं ठरवलं आणि पुढच्या दशकात कृष्णवर्णीय कुटुंबं यायला लागली. ऑगस्ट १९६५ मध्ये शेजारच्या वॉट्समध्ये दंगल झाली, ३४ माणसं मेली, आणि उरलेसुरले गोरे झपाट्याने निघून गेले. मग कारखाने गेले. जवळच्या साउथ गेटमधला फायरस्टोनचा टायर कारखाना १९८० साली बंद पडला, जनरल मोटर्सचा १९८२ साली. धड पगाराची नोकरी गेली त्याच सुमारास क्रॅक कोकेन आलं. क्रिप्स आणि ब्लड्स या टोळ्या आधीपासून होत्याच. ब्लड्सचा उगम तर कॉम्प्टनच्याच पायरू स्ट्रीटवरचा.

यावर सरकारचं उत्तर पोलिसी होतं. लॉस एंजेलिसचे पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स यांनी १९८७ पासून 'ऑपरेशन हॅमर' चालवलं. एप्रिल १९८८ मध्ये एका शनिवार-रविवारी हजाराहून जास्त लोक उचलले गेले, त्यातले बहुतेक तरुण आणि कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो. कॉम्प्टनचं पोलीस खातं तेव्हा वेगळं होतं, पण रस्त्यावर अडवल्या जाणाऱ्या पोराला गणवेशावरचा बिल्ला वाचायची सवड मिळत नाही.

पहिली बैठक: शब्द सोडा, आवाज ओळखा

पहिल्यांदा ऐकताना गीतांचे शब्द समोर उघडू नका. कळले नाहीत तर नाही कळले. एकच काम करा: कोण बोलतंय ते ओळखा. त्यासाठी पहिलं, अल्बमच्याच नावाचं गाणं सोयीचं आहे, कारण त्यात तीन मुख्य आवाज एकामागून एक येतात आणि प्रत्येकाची ओळखही करून दिली जाते.

सुरुवातीला संगीताशिवाय एक घोषणा. तो डॉ. ड्रे. त्याचा आवाज सूत्रधाराचा आहे. मधूनमधून तोच येऊन पुढच्याला पुढे करतो. मग तिघांतला पहिला, आइस क्यूब. भरदार, दात-ओठ खाऊन बोलणारा, वाक्याच्या शेवटच्या अक्षरावर घाव घालणारा. दुसरा एमसी रेन. याच्याकडे लोकांचं दुर्लक्ष होतं, पण लयीवरची पकड माझ्या मते या तिघांत त्याचीच सर्वांत पक्की. तो ओरडत नाही, सरळ रेषेत चालत येतो. तिसरा ईझी-ई. बारीक, चिरका, किंचित अनुनासिक आवाज. पहिल्यांदा हसू येतं. दोन गाण्यांनंतर कळतं की तिघांतला सर्वांत भीतिदायक तोच आहे, कारण तो धमकी देतानाही खोडी काढल्यासारखा बोलतो.

आता पडद्यामागे डोकावा. क्यूब आणि रेन तेव्हा १९ वर्षांचे. क्यूब या अल्बमच्या आधी अ‍ॅरिझोनात जाऊन इमारतींचे आराखडे काढण्याचा अभ्यासक्रम करून आला होता. या अल्बममधल्या कितीतरी ओळी त्याच्या आहेत. ईझी स्वतः फारसं लिहीत नसे. त्याच्या तोंडचे शब्द क्यूब, रेन आणि डॅलसहून आलेला रॅपर द डी.ओ.सी. लिहून देत. अमली पदार्थ विकून पैसा केल्याचं मात्र ईझीच सांगे, आणि रूथलेस रेकॉर्ड्स ही कंपनी त्याने त्याच पैशावर उभी केली असं म्हणतात. म्हणजे पाहा: ज्याने ते आयुष्य पाहिलं तो लिहीत नव्हता, आणि जो लिहीत होता तो आराखडे काढायला शिकत होता.

त्याआधी, १९८७ साली, ईझी पहिल्यांदा माइकसमोर उभा राहिला तेव्हा त्याला रॅप करताच येत नव्हतं. ज्यांच्यासाठी गाणं लिहिलं होतं त्यांनी नकार दिला म्हणून ड्रेने यालाच उभं केलं आणि एकेक ओळ तोडून, पुन्हापुन्हा म्हणवून घेत ध्वनिमुद्रण केलं. त्याच्या बोलण्यातला तो तुटक ठसका तिथून आला आणि पुढे तीच त्याची शैली झाली. पहिल्या गाण्यातला त्याचा भाग पुन्हा लावा आणि ओळींच्या मधल्या फटी ऐका.

दुसरी बैठक: पहिली तीन गाणी, शब्द समोर ठेवून

आता गीतांचे शब्द उघडा, पण पहिल्या तीनच गाण्यांचे. अल्बमचं खरं वजन इथे आहे.

पहिल्या गाण्यात तिघं स्वतःची ओळख करून देतात, आणि ती ओळख जाणूनबुजून फुगवलेली आहे. गोळीबाराच्या गप्पा मोजल्या तर हे तिघं मिळून छोटंसं सैन्य ठरतात. क्यूबच्या कडव्यात रक्तपात इतका अतिशयोक्त आहे की तो कबुलीजबाब वाटणं अवघड आहे. ही फुशारकी आहे आणि फुशारकीचे नियम रॅपमध्ये आधीपासून ठरलेले होते. नवीन काय होतं? गावाचं नाव. तोवर रॅप म्हणजे न्यू यॉर्क असं समीकरण होतं. इथे पश्चिम किनाऱ्यावरच्या, बाहेर कोणाला नकाशावरही न दाखवता येणाऱ्या गावाचं नाव दर कडव्याला आदळतं.

दुसरं गाणं पोलिसांवरचं. त्याच्या शीर्षकातला पहिला शब्द इथे लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. या गाण्यासाठी वेळ काढा, कारण माझा 'नाटक' हा शब्द इथे शब्दशः खरा ठरतो. गाणं सुरू होतं ते न्यायालयात. ड्रे न्यायाधीश आहे. खटला एन.डब्ल्यू.ए. विरुद्ध पोलीस खातं. क्यूब, रेन आणि ईझी सरकारी वकील आहेत आणि तेच एकेक करून साक्षीदाराच्या पिंजऱ्यातही उभे राहतात. साक्षीदाराला शपथ दिली जाते, तीही शिवी घालून. मधल्या जागांत छोटे प्रसंग येतात: पोलीस अडवतो, दरडावतो. शेवटी निकाल लागतो, पोलीस दोषी ठरतो आणि आरडाओरडा करत नेला जातो.

ही रचना लक्षात घेतली की गाण्याचा सूर बदलतो. ज्या मुलांना खऱ्या न्यायालयात आरोपीच्याच जागी उभं केलं जातं, त्यांनी इथे जागांची अदलाबदल केली आहे. क्यूबची साक्ष नीट वाचा. पोलीस माझी गाडी झडतो कारण प्रत्येक कृष्णवर्णीय पोरगा माल विकतो असं त्याला वाटतं, अशी सुरुवात. मग एक बारीक निरीक्षण येतं: कृष्णवर्णीय पोलीस जास्त मारतो, कारण त्याला शेजारच्या गोऱ्या सहकाऱ्यासमोर मिरवायचं असतं. ही ओळ घोषणेसाठी लिहिलेली नाही. रस्त्यावर उभं राहून पाहिल्याशिवाय ती सुचत नाही. नंतर धमक्या येतात आणि त्या भडक आहेत, यात शंका नाही. पण आधी तक्रार नोंदवली आहे, मग धमकी.

ऑगस्ट १९८९ मध्ये एफबीआयचे सहायक संचालक मिल्ट अ‍ॅलरिक यांनी प्रायॉरिटी रेकॉर्ड्स या वितरक कंपनीला पत्र पाठवलं: या अल्बममधलं एक गाणं पोलिसांविरुद्ध हिंसेला उत्तेजन देतं. १९८८ मध्ये ७८ पोलीस मारले गेल्याचा आकडा पत्रात होता. गाण्याचं नाव मात्र नव्हतं. सरकारी पत्रात ते लिहिणार तरी कसं! प्रायॉरिटी ही कंपनी त्याआधी मातीच्या बाहुल्यांच्या रूपातल्या गाणाऱ्या बेदाण्यांच्या रेकॉर्डवर पैसे कमावत होती. 'कॅलिफोर्निया रेझिन्स' नावाचे ते बेदाणे जाहिरातीतून आले होते. बेदाण्यांच्या पैशावर हा अल्बम बाजारात गेला, हा तपशील मला कायम आवडतो.

पत्राने उलटाच परिणाम झाला. एमटीव्हीने पहिल्या गाण्याचा व्हिडिओ दाखवायला नकार दिला होता, रेडिओ वाजवत नव्हता. वर्तमानपत्रांनी मात्र फुकट जाहिरात केली. मार्च १९९१ मध्ये रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी मारतानाची चित्रफीत जगभर दिसली. एप्रिल १९९२ मध्ये ज्युरीने त्या पोलिसांवरच्या जवळपास सगळ्या आरोपांतून त्यांना मोकळं केलं आणि लॉस एंजेलिस पेटलं. गाण्यातल्या खटल्याचा निकाल त्याआधी ३-४ वर्षं लागून गेला होता.

तिसरं गाणं 'गँगस्टा गँगस्टा'. यात क्यूब विचारतो, मी तुम्हाला कोणाचा आदर्श वाटतो का? अल्बमभर ज्यांनी 'मी' वर विश्वास ठेवला त्यांना हा टोला आहे. आणखी एक करामत: न्यू यॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या केआरएस-वन या रॅपरच्या आवाजातला एक तुकडा इथे कापून चिकटवला आहे, पगाराचं सोडा, वास्तवाचं बोला अशा अर्थाचा. आपल्या संगीताला हे लोक स्वतः 'रिअ‍ॅलिटी रॅप' म्हणत. 'गँगस्टा' हे लेबल नंतर चिकटलं आणि विकलं गेलं.

तिसरी बैठक: ठेके कुठून आणले

ही बैठक मला सर्वांत जास्त मजा देते. शब्दांकडे पूर्ण दुर्लक्ष करून खालचं संगीत ऐका, आणि ते जिथून उचललं त्या जुन्या रेकॉर्डी शोधून शेजारी लावा. तीनच पुरतात.

पहिली: द विन्स्टन्स या वॉशिंग्टनच्या बँडचं १९६९ मधलं 'आमेन, ब्रदर'. साधारण दीड मिनिटाच्या आसपास सगळी वाद्यं थांबतात आणि ग्रेगरी कोलमन चार आवर्तनं एकटा ड्रम वाजवतो. जेमतेम ६-७ सेकंद. पहिल्या गाण्याखाली धावणारा ठेका तो हाच. तिसऱ्या-चौथ्या आवर्तनात सम किंचित पुढे सरकल्यासारखी वाटते, तिथे कान द्या. गाण्यातली धाप लागल्यासारखी घाई त्या सरकण्यातून येते. हे काही सेकंद पुढे हजारो गाण्यांत वापरले गेले. कोलमनला त्याचे पैसे मिळाले नाहीत आणि २००६ साली तो बेघर अवस्थेत वारला. शोषणाबद्दल बोलणाऱ्या अल्बमखाली हेही दबलेलं आहे.

दुसरी: ओहायो प्लेयर्सचं 'फंकी वर्म'. त्यातला सिंथेसायझरचा उंच, किणकिणत वळवळणारा सूर या अल्बममधल्या 'डोपमॅन'मध्ये आहे. हा सूर लक्षात ठेवा. ड्रेने नंतरच्या दशकात पश्चिम किनाऱ्याचा जो संथ, तेलकट आवाज घडवला त्याचं बीज इथे आहे.

तिसरी: चार्ल्स राइट आणि वॉट्स १०३ स्ट्रीट ऱ्हिदम बँड यांचं १९७० मधलं 'एक्स्प्रेस युवरसेल्फ'. बँडच्या नावातच दंगलीनंतरचं वॉट्स आहे, कॉम्प्टनच्या जवळचं. एन.डब्ल्यू.ए.ने गाण्याचं नावही तेच ठेवलं. यात ड्रे एकटा बोलतो, शब्द क्यूबचे, आणि शिव्या जवळपास नाहीत. अल्बम घरच्यांना ऐकवायचाच असेल तर हे एक गाणं. ड्रे यात ठामपणे सांगतो की मी गांजा ओढत नाही, त्याने मेंदू बिघडतो. ४ वर्षांनी त्याच्या पहिल्या स्वतंत्र अल्बमचं नाव गांजाच्याच एका टोपणनावावरून ठेवलेलं होतं. दुसऱ्याने लिहिलेलं बोलण्याचे हे असे परिणाम!

सगळं मुद्रण झालं ते टॉरन्समधल्या ऑडिओ अचीव्हमेंट्स या छोट्या स्टुडिओत, ड्रे आणि डीजे येला यांच्या हातून. दोघं त्याआधी चकचकीत कपडे घालून नाचायची इलेक्ट्रो गाणी करणाऱ्या बँडमध्ये होते. तो इतिहास शेवटच्या गाण्यात उघडा पडतो. गटातल्याच अरेबियन प्रिन्सच्या हाताचं ते गाणं बाकीच्या १२ गाण्यांशी अजिबात जुळत नाही. ड्रम मशीनवर नाचावंसं वाटलं तर नाचा, नाहीतर सोडून द्या.

बायकांबद्दलचा भाग

इथे माझा 'नाटक' हा युक्तिवाद तोकडा पडतो, आणि तो पडू द्यावा. 'आय एन्ट द वन' मध्ये क्यूबचं पात्र पैशासाठी मागे लागणाऱ्या बाईला झटकतं. विनोद म्हणून त्याची बांधणी चांगली आहे, पण अल्बमभर बायका एक तर लोभी नाहीतर वापरून टाकायच्या. पोलिसांवरच्या गाण्यात ज्याला सत्ता आहे त्याला पिंजऱ्यात उभं केलंय. इथे पिंजऱ्यात त्यांच्याहून दुबळी व्यक्ती उभी आहे, आणि तिला वकील दिलेला नाही.

शिवाय हे पात्रापुरतं राहिलं नाही. जानेवारी १९९१ मध्ये ड्रेने डी बार्न्स या टीव्ही पत्रकाराला एका पार्टीत मारहाण केली. न्यायालयात त्याने आरोप लढवला नाही. २०१५ साली या गटावर सिनेमा आला, त्यात हा प्रसंग गाळलेला होता, आणि त्यावर टीका झाल्यावर ड्रेने आपण दुखावलेल्या बायकांची जाहीर माफी मागितली. 'आय एन्ट द वन' मी आता बहुतेक वेळा पुढे ढकलते. तुम्ही एकदा पूर्ण ऐका, म्हणजे नेमकं काय ढकलताय ते कळेल.

उरलेली गाणी झटपट

'इफ इट एन्ट रफ' आणि 'क्वाएट ऑन द सेट' ही रेनची एकट्याची. पहिल्या बैठकीत तो आवडला असेल तर इथे रमाल. 'पॅरेंटल डिस्क्रेशन' मध्ये द डी.ओ.सी.चा स्वतःचा आवाज ऐकायला मिळतो, आणि पडद्यामागून लिहिणारा माणूस किती तयारीचा होता ते समजतं. '८ बॉल' म्हणजे ओल्ड इंग्लिश ८०० ही स्वस्त, कडक बिअर. हे ठाऊक नसेल तर गाणं कोड्यात टाकतं. 'समथिंग लाइक दॅट' आणि 'कॉम्प्टन्स इन द हाउस' ही दोन्ही ड्रे आणि रेनची जुगलबंदी, ठीकठाक. उत्तरार्ध ढिला आहे हे मान्य करायला चाहते लाजतात. लाजू नये.

मुखपृष्ठही एकदा मोठं करून पाहा. कॅमेरा जमिनीवर आहे, सहा जण वरून खाली वाकून बघतायत आणि ईझीच्या हातातलं पिस्तूल थेट आपल्याकडे रोखलेलं. पाहणाऱ्यालाही त्यांनी भूमिका दिली आहे: तुम्ही जमिनीवर पडलेले आहात.

यानंतर काय ऐकायचं

मागे जायचं असेल तर फिलाडेल्फियाचा रॅपर स्कूली डी (१९८५) आणि लॉस एंजेलिसचा आइस-टी (१९८६). या दोघांकडून एन.डब्ल्यू.ए.ने काय उचललं ते लगेच कळतं. पुढे जायचं असेल तर आधी क्यूबच्या मागे जा. पैशांवरून वाजल्यामुळे १९८९ च्या अखेरीस तो बाहेर पडला आणि न्यू यॉर्कला जाऊन पब्लिक एनिमी या रॅप गटाच्या निर्मात्यांबरोबर त्याने १९९० मध्ये पहिला अल्बम काढला. तोच लेखक, स्वतःच्या आवाजात. त्यानंतर क्यूबशिवायचा एन.डब्ल्यू.ए.चा १९९१ चा अल्बम लावा. ड्रेचं संगीत आणखी सफाईदार झालंय आणि शब्द पोकळ, हा फरक दहा मिनिटांत जाणवतो.

आपल्याकडची वाट धरायची असेल तर धारावीच्या डोपअ‍ॅडेलिक्झ या रॅप गटाचं 'आई शप्पथ साहेब मी नव्हतो' शोधा. पुन्हा पोलीस, पुन्हा अडवलेला पोरगा, भाषा मराठी. कॉम्प्टनचं पोर न्यायाधीश होऊन बसतं. हे पोर साहेबासमोर हात जोडून उभं आहे आणि शपथ घेता घेता साहेबाचीच टर उडवतंय. दोन्ही गाणी पाठोपाठ लावा.